मूठ फिरली, वेग उतरेना!

मुलांनो, तुमच्या सायकलला वायरचा ब्रेक आहे ना? कधी कधी तो मोठी गंमत करतो. दाबला की चाक थांबतं, पण सोडला तरी रबर चाकाला चिकटूनच बसतात. आता दोष कुणाचा? हँडलवरच्या दांडीचा, वायरचा, की रबर मागे ओढणाऱ्या स्प्रिंगचा? सायकल असली तर फार तर काय, ती ढकलत घरी जावं लागेल. पण असंच काही भर खाडीत, माणसांनी भरलेल्या होडीत झालं तर?

मालवणजवळ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. या भागात लहान होड्यांच्या मागच्या फळीला बाहेरून मोटर लावलेली दिसते. बाहेरून लावलेली, म्हणून ती आउटबोर्ड मोटर. आमच्याकडे तिला सगळे नुसतं ‘मशीन’च म्हणतात. तिला एक दांडा असतो. तो डावी-उजवीकडे फिरवला की होडी वळते, आणि दांड्याच्या टोकाची मूठ पिळली की वेग वाढतो, अगदी मोटारसायकलसारखा. अमेरिकेत ओले एव्हिनरूड या कारागिराने १९०९ साली अशा मोटरी विकायला काढल्या, तेव्हा त्यांची ताकद होती दीड अश्वशक्ती!

आमच्या वाडीतल्या आबांकडे एक जुनी टू-स्ट्रोक मोटर आहे. पावसाळाभर ती पडवीत गोणपाटाखाली पडून होती. श्रावण सरता सरता होडी पाण्यात उतरली. तिसऱ्याच दिवशी आम्ही सहाजण होडीतून येत होतो. धक्का जवळ आला, आबांनी मूठ मागे फिरवली, पण वेग काही उतरेना. समोर दगडी धक्का! आबा मुठीशी झटापट करत बसले नाहीत. त्यांनी होडीचं तोंड मोकळ्या पाण्याकडे वळवलं आणि लाल बटण दाबून मशीन बंद केलं. मग वल्हं मारत आम्ही काठाला लागलो. हे नीट लक्षात ठेवा बरं का: वेग हाताबाहेर गेला, तर आधी मशीन बंद. दुरुस्ती मागाहून.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आबांच्या अंगणात माझ्या वर्गातली निम्मी मुलं हजर! मोठी माणसंही होतीच. प्रत्येकाचं मत एकच, “कार्बोरेटर खोला.” आबा हसून म्हणाले, “आधी बघूचा, मगेच खोलूचा.”

त्यांनी आधी स्पार्क प्लगची टोपी काढली. पंखा हाताने फिरवताना मशीन चुकून सुरू होऊ नये, म्हणून ही काळजी. मग पंखा हळूहळू फिरवत लिव्हर पुढच्या गियरला टाकली. का ठाऊक आहे? कित्येक मोटरींत न्यूट्रलमध्ये मूठ मुद्दामच थोडीशीच फिरू देतात. तो बिघाड नव्हे!

आता वरचं झाकण निघालं. मुठीतून निघालेली वायर पुढे दोन कामं करत होती. एक म्हणजे ठिणगी केव्हा पडायची ती वेळ बदलायची, आणि दुसरं, कार्बोरेटरमधली गोल पाकळी उघडायची. पाकळी जितकी उघडी, तितकी जास्त हवा, तितकं जास्त पेट्रोल आणि तितका जास्त वेग.

आबांनी वायरचं कार्बोरेटरकडचं टोक सोडवलं आणि बोटाने पाकळी उघडली. सोडताच ती ‘टक्’ करून मिटली. म्हणजे पाकळी चांगली आणि तिची स्प्रिंगही चांगली. एका मिनिटात निम्मी मोटर संशयातून सुटली! पाकळी जड गेली असती, तर मात्र कार्बोरेटरच धरावा लागला असता.

राहिली मूठ आणि वायर. मूठ एकाच जागी टिकावी म्हणून तिला एक स्क्रू असतो. तो फार आवळला तरी मूठ मागे येत नाही. आबांनी तो सैल केला, पण फरक पडला नाही. मग त्यांनी वायर बोटांनी चाचपली. दांडा जिथे दुमडतो तिथे वरचं कवच तडकलं होतं. आत खारं पाणी शिरून गंज चढला होता आणि दोन-तीन तारा तुटून आत अडकत होत्या. सापडला चोर!

एका मुलाने विचारलं, “आबा, तेल सोडलं तर नाही चालणार?” आबा म्हणाले, “आज चलात. पण उद्या भर खाडीत तुटली तर?” तारा तुटलेली वायर बदलायचीच. नवी वायर बसल्यावर आबांनी दांडा पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवला. वळताना वायर ताणली जाऊन वेग आपोआप वाढत नाही ना, हे पाहायला.

दरवेळी दोष वायरचाच असतो असं नाही हं. मूठ पिळली, पाकळीही पूर्ण उघडली, तरी मशीन गुदमरतंय? तर मग पेट्रोल नीट पोचत नसेल. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला, तरी असंच होतं.

मुलांनो, मोटर उघडणं हे तुमचं काम नव्हे, ते मोठ्यांवर सोडा. तुमच्यासाठी सायकल आहे. वायरचा ब्रेक अडकला तर दादाच्या किंवा बाबांच्या मदतीने वायरचं खालचं टोक सोडवा. रबर आपोआप मागे आले, तर खालचं सगळं ठीक, दोष वरती. नाही आले, तर दोष खालीच. तपासून झालं की टोक पुन्हा घट्ट बसवून, ब्रेक लागतो ना ते पाहूनच सायकलवर बसा. आणि होडीत बसाल तेव्हा? लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, आईबाबांनीसुद्धा!