पांढऱ्या रस्त्यावरची चढण

आपल्याकडे गावाला डांबरी रस्ता आला की नारळ फुटतो, पुढाऱ्यांच्या गळ्यात हार पडतात. इटलीच्या टस्कनी प्रांतात मात्र रस्त्यावर डांबर पडू नये म्हणून सायकलींची एक यात्रा निघते! 'लेरोइका' हे तिचे नाव; अर्थ साधारण 'वीरांची फेरी' असा. जानकार्लो ब्रोची या गृहस्थांनी १९९७ मध्ये ती सुरू केली, तेव्हा अवघे ९२ सायकलस्वार जमले होते. आता ऑक्टोबरच्या सुरुवातीला गायोले इन किआंती या चिमुकल्या गावात देशोदेशींचे हजारो लोक उतरतात. अट एकच, सायकल १९८७ पूर्वीच्या घडणीची हवी. गिअरच्या दांड्या फ्रेमच्या नळीवर, ब्रेकच्या तारा हँडलच्या बाहेरून लोंबणाऱ्या आणि अंगात लोकरीची जर्सी, असा सारा जुना थाट असतो.

सगळ्यांत लांबचा मार्ग २०९ किलोमीटरचा. त्यातला सुमारे निम्मा कच्चा, आणि एकूण चढ साडेतीन हजार मीटरहून अधिक. आपले कळसूबाई समुद्रसपाटीपासून दोनदा चढावे आणि वर थोडे उरावे, असा हा हिशेब! मार्गावर कायमच्या पाट्या लावलेल्या असल्याने तो यात्रेखेरीज एरवीही करता येतो. आमची मुलगी शिक्षणासाठी मिलानला असते. तिच्या आग्रहाने आम्ही तिघांनी सप्टेंबरअखेरीस त्यातला किआंतीचा टप्पा दोन दिवसांत केला. आमच्या सायकली मात्र भाड्याच्या आणि आजच्या होत्या. त्यांना 'ग्रॅव्हल बाइक' म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे वाकडे, पण टायर चांगले रुंद, आणि हवा जरा कमीच भरायची.

या रस्त्यांना तिथे 'स्त्रादे बियांके' म्हणतात, म्हणजे पांढरे रस्ते. मुरूम दाबून केलेल्या आपल्या शिवारातल्या रस्त्यांचेच ते भाऊबंद, फक्त रंगाने चुनखडीसारखे. गायोलेहून निघाल्यावर काही अंतर डांबरी आहे. मग ब्रोलिओच्या गढीकडे जाणारा फाटा येतो आणि चाकाखालचा आवाजच बदलतो. दुतर्फा सरूची उंच झाडे आणि मधून चढत जाणारी पांढरी वाट. यात्रेच्या पहाटे या चढावर दोन्ही कडांना दिवे लावतात म्हणे. आम्हाला दिवे नव्हते, ऊन होते.

डांबरी घाटात दम लागला की माणूस पेडलवर उभा राहतो. इथे उभे राहिले की मागच्या चाकावरचा भार हलतो आणि चाक जागच्या जागी गरगरते. म्हणून बसूनच, हलक्या गिअरवर, संथ पाय मारत राहायचे. पण खरी परीक्षा उताराची. वळणावर सुटी खडी जमलेली असते. तिथे ब्रेक दाबला तर घसरलेच म्हणून समजा. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात फक्त विश्वास! मोटारींच्या चाकांनी काही ठिकाणी रस्त्याला पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडल्या आहेत. त्यावरून उतरताना हातांना मुंग्या येतात आणि दात वाजतात. "बाबा, मुठी सैल सोडा," असे मुलगी मागून ओरडत होती. आमची सौ. मात्र नेटाने अर्ध्याहून अधिक उतार सायकल हातात धरून चालली आणि वाटेतल्या बागा आम्हा दोघांपेक्षा जास्त तिनेच पाहिल्या.

त्या बागा पाहण्यासारख्याच आहेत. आपली नाशिक-सांगलीकडची खायची द्राक्षे मांडवावर चढवलेली असतात, खाली सावली पडते. इथे गुडघा-कमरेच्या उंचीवर तारांना बांधलेल्या वेलींच्या ओळी डोंगरउतारावर सरळ आखलेल्या. जमीन दगडांची, 'गालेस्त्रो' नावाचा खडक हाताने चुरावा तसा पापुद्रे सुटत फुटतो. पाणी ठरत नाही, वेलीला मुळे खोल न्यावी लागतात. वाइन उत्पादकाला हेच हवे असते. इथले मुख्य द्राक्ष सांजोव्हेझे. १७१६ मध्ये तिसऱ्या कोसिमो मेदिचीने फर्मान काढून किआंतीच्या सीमा ठरवल्या. पुढे ब्रोलिओच्याच बेत्तिनो रिकासोली यांनी १८७२ मध्ये किआंती वाइनमधल्या द्राक्षांचे मिश्रण कागदावर मांडले. हे सरदार एकसंध इटलीचे दुसरे पंतप्रधान. राज्यकारभार आणि द्राक्षे दोन्ही एकाच हाताने!

पण बागेच्या मालकीची गोष्ट एवढी गोड नाही. इथली शेती शतकानुशतके 'मेझाद्रिया' पद्धतीने चाले, म्हणजे आपली निम्मे-बटाई. जमीन मालकाची, राबणूक कुळाची, पीक निम्मे-निम्मे. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळे कारखान्यांकडे वळली, घरे ओस पडली. १९६४ च्या कायद्याने बटाईचे नवे करार बंद झाले. माणसेच राहिली नाहीत, तर डांबर मागणार कोण? पांढरे रस्ते टिकले त्यामागे हेही एक कारण आहे. पुढे ती दगडी घरे इंग्रज-जर्मनांनी विकत घेऊन सजवली.

एका वाडीत पाणी भरायला थांबलो, तेव्हा बाकावर बसलेल्या एका आजोबांशी मुलीने इटालियनमध्ये गप्पा काढल्या. त्यांचे वडील बटाईदार. या रस्त्याने शाळेत चालत जायचो, पावसात चिखलाने बूट निघून यायचा, आई वाळत घातलेले कपडे दोनदा धुवायची, असे ते सांगत होते. मुलीने विचारले, डांबर झालेले तुम्हाला आवडले असते का? ते म्हणाले, "तेव्हा हवे होते. आता इथे राहतंय कोण?" आणि लगेच अभिमानाने सांगितले, की यात्रेच्या दिवशी खाण्याच्या थांब्यावर पाव कापायचे काम त्यांच्याकडे असते. शिळा पाव, घेवडा आणि काळी पालेकोबी घालून केलेली 'रिबोलीता' नावाची दाट आमटी तिथे वाढतात. टस्कनीचा पाव बिनमिठाचा, त्यामुळे आपल्याला पहिला घास फिकाच लागतो.

व्यावसायिक शर्यतही या रस्त्यांवरून २००७ पासून होते, आता मार्च महिन्यात. तिचे नावच 'स्त्रादे बियांके'. शेवट सिएना शहरात, जिथे घोड्यांची प्रसिद्ध पालिओ शर्यत होते त्याच चौकात. त्याआधीची सांता कातेरीना गल्ली शंभर मीटरला सोळा मीटर इतकी उभी चढते. २०१५ पासून स्त्रियांचीही शर्यत असते. पाऊस पडला तर काय होते ते २०१० च्या 'जिरो द इतालिया'मध्ये जगाने पाहिले. मोंताल्चिनोच्या टप्प्यावर सगळे स्वार चिखलाने इतके माखले, की विजेता कॅडेल इव्हान्सही ओळखू येईना.

जायचे असेल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर बरी. जुलै-ऑगस्टचे ऊन या रस्त्यांवरून डोळ्यांत परतते. दोन बाटल्या पाणी, जादा ट्यूब आणि पंप हवाच, कारण वाड्या लांब आणि दुपारी दुकाने बंद. सवय नसेल तर दिवसाला ४० किलोमीटर पुष्कळ झाले. संध्याकाळी गायोलेला सायकली परत केल्या तेव्हा दुकानदाराने आधी चेनवरची पांढरी धूळ बोटाने पाहिली, मग सौ.च्या बुटांवरची. तिच्या बुटांवर जास्त होती.