राणीलाच तपासाला बसव

चिकपेट, बेंगळुरू

चि. सई,

रहस्यकथा लिहायची, जुन्या काळातली, रक्ताचे सडे न घालता, आणि छडा लावणारी व्यक्ती राजघराण्यातली, हा तुझा बेत वाचला. आवडला. पण ‘आत्या, तू चिकपेटेत राहतेस, तर शहाजीराजांच्या दरबारात घडवू का?’ याला माझं उत्तर ‘नको’. 1638 साली बेंगळूर आदिलशाहीच्या ताब्यात आलं, ते राजांना जहागीर मिळालं, त्यांचा गौरीमहाल याच पेटेत होता असं इथं सांगतात. पण आज मला तुला बोट दाखवून सांगता येईल अशी एक भिंत उरलेली नाही. शिवाय शिवरायांचे वडील! पात्राला जरा मिश्कील केलंस की पुढचं तुझं तू बघ.

इथला 1921 चा काळ हरिणी नागेंद्र यांनी आधीच घेतलाय. 2022 साली आलेल्या त्यांच्या ‘द बँगलोर डिटेक्टिव्ज क्लब’मधली कावेरी डॉक्टरची बायको, गणिताची वेडी, साडी नेसून मोटार हाकणारी. अव्हेन्यू रोडवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडलं तर तुला पाठवते. कावेरी राणी नाही, म्हणून वाट्टेल तिथं जाऊ शकते.

इंग्रजांचं सोपं आहे. पीटर लव्हसी यांनी 1987 मध्ये युवराज बर्टीला गुप्तहेर केला, एस. जे. बेनेट यांनी 2020 मध्ये खुद्द राणी एलिझाबेथला. राणी जागची हलत नाही, पायपीट तिची सहायक रोझी करते. राजवाड्यातून विचारणा आली की तिथं दारं उघडतात. आपल्या संस्थानांत राजावरच इंग्रज रेसिडेंटची पाळत. काही विपरीत घडलं की पहिला संशय त्याच्यावर. खऱ्या संस्थानी राजाला गुप्तहेर करायला गेलीस तर पहिल्याच प्रकरणात अडशील.

म्हणून सांगते, बडोदं घे. 9 नोव्हेंबर 1874 ची सकाळ. रेसिडेंट कर्नल फेअर फिरून येतो. रोजच्यासारखा पपनसाच्या रसाचा पेला ठेवलेला. दोन-तीन घोट घेतो, कसंसंच होतं, उरलेला रस बाहेर ओतून देतो आणि मग पेल्याच्या तळाशी काळपट गाळ दिसतो. त्यात निघालं सोमल हे विष आणि हिऱ्याची पूड. मेलं कोणीच नाही. तुला हवा तसला घरगुती गुन्हा, आयता.

आठवड्यापूर्वीच बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांनी ‘या फेअरला हलवा’ असा खलिता व्हाइसरॉयकडे धाडला होता. त्यामुळं संशय लगेच त्यांच्यावर. मुंबईचे पोलीस आले. रेसिडेन्सीतल्या हवालदार रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी मिळाली, तिथली आया अमीना बोलली, महाराजांचा खाजगी चिटणीस दामोदरपंत माफीचा साक्षीदार झाला. 1875 च्या फेब्रुवारीत आयोग बसला. महाराजांच्या बाजूनं विलायतेहून बॅलंटाईन वकील. आयोगात तीन इंग्रज आणि तीन आपले: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज, सर दिनकरराव. इंग्रज म्हणाले दोषी, आपले तिघे म्हणाले सिद्ध झालं नाही. तीनास तीन!

त्या तीन इंग्रजांतला एक रिचर्ड मीड आमचा बेंगळुरूचा, म्हैसूरचा चीफ कमिशनर. कब्बन पार्कचं पहिलं नाव मीड्स पार्क, ते याच्यावरूनच. 1859 मध्ये तात्या टोपेंना पकडलं तेही यानंच, आणि 1873 मध्ये मल्हाररावांच्या कारभाराची चौकशी करणारा आयोगही याचाच. आधी चौकशी करणारा माणूस पुढं न्याय द्यायला बसतो, हे तुझ्या कथेत नुसतं मांडलंस तरी पुरे, टिप्पणी करू नकोस.

आता गुप्तहेर. माझं मत जमनाबाईंना. त्यांचे पती, मल्हाररावांच्या आधीचे महाराज खंडेराव 1870 साली वारले तेव्हा त्या गरोदर होत्या. मुलगा झाला तर मल्हाररावांची गादी जाणार, म्हणून विषाच्या भीतीनं त्या रेसिडेन्सीच्या आसऱ्याला गेल्या. 1871 मध्ये मुलगी झाली, आणि पुढं त्या पुण्याला राहिल्या. पेल्यात विष पडलं तेव्हा वय जेमतेम विशीच्या पुढं. पुण्यात बसून बडोद्याचा तपास, जुन्या दासींच्या पत्रांवरून! शिवाय त्यांना स्वतःलाही कारण आहेच. मे 1875 मध्ये त्यांनी कवळाण्याचा गोपाळराव दत्तक घेतला, तेच पुढचे महाराज सयाजीराव. वाचकानं छडा लावणारीवरही संशय घ्यायला हवा.

पोलीस विचारतात, पैसे कोणी दिले. राणी विचारेल, पपनस कोण सोलतं, रस कोण गाळतं, पेला कोण विसळतं. इथं आमच्या गल्लीतल्या साडीच्या दुकानात जुनं गिऱ्हाईक पदराचा एक धागा ओढतं, काडी लावतं, वास घेतं. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर रेशीम, गोळी झाली तर नकली. दुकानदार कितीही शपथा घेवो. जमनाबाईंचा पुरावा असाच हाताशी असलेला हवा.

आणि हिऱ्याची पूड! सोमल असताना ती कशाला? हिरा पोटात गेला की आतडी कापतो हा जुना समज, त्यात फारसं तथ्य नाही. पण हिरे राजवाड्यातच असतात. पूड घालणाऱ्याला फेअरचा जीव घ्यायचा होता, की बोट राजवाड्याकडं वळवायचं होतं? मी तुझ्या जागी असते तर इथंच कथा सुरू केली असती.

मल्हाररावांना एप्रिल 1875 मध्ये पदच्युत केलं ते विषाबद्दल नव्हे, गैरकारभाराबद्दल. ते 1882 मध्ये मद्रासला वारले. पेल्यात पूड कोणी टाकली याचं सगळ्यांना पटेल असं उत्तर मात्र आयोगालाही देता आलं नाही. तू तुझं उत्तर आधी ठरव, मग पहिलं प्रकरण लिहून मला पाठव.

तुझी,
आत्या