मागच्या वायलचा अंश

फळांतले औषधांचे अंश तपासणाऱ्या आमच्या लॅबमध्ये यंत्रात हातानं इंजेक्शन मारणारे दोघेच उरलोत. माझा अंगठा थरथरायला लागल्यापासून खरं तर एकच. बाकी सगळं ऑटोसँपलर करतो. मंचरची नवी मुलगी संध्याकाळी सीक्वेन्स लावून जाते आणि सकाळी आकडे वाचते. दहा मायक्रोलिटरच्या सिरिंजचा दांडा एकदाही न वाकवता कोणी केमिस्ट होतं, हे मला अजून पटत नाही.

यंत्राचा हात स्थिर आहे, मान्य. त्याचं आरएसडी, म्हणजे आकड्यांतली तफावत, माझ्यापेक्षा कमी आलं, तेव्हा मी त्याच्या कॅलिब्रेशनमध्ये खोट शोधत बसलो होतो. माझं भांडण कॅरीओव्हरशी आहे, म्हणजे मागच्या नमुन्याचा अंश पुढच्यात उतरण्याशी.

जुन्नरची काळी द्राक्षं घ्या. ज्या औषधाला युरोपात स्वतंत्र मर्यादा नाही, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, शंभर टनांत एक ग्रॅम. आधीच्या नमुन्यात 2 मिलिग्रॅम असेल आणि त्यातला अर्धा टक्का सुईबरोबर पुढे सरकला, तर स्वच्छ बागेच्या रिपोर्टवर नेमके 0.01 चढतात. न मारलेलं औषध बागायतदाराच्या माथी.

2010 साली क्लोरमेक्वाटवरून, म्हणजे शेतकऱ्यांच्या लिहोसिनवरून, आपले कंटेनर युरोपात अडकले. तेव्हापासून हा रेणू माझ्या मागे आहे. तो कायम धनभारित. नुसत्या ॲसिटोनायट्राइलच्या वॉशला दाद देत नाही, पाण्यात फॉर्मिक ॲसिड घालावं लागतं. तरी कधी सुईच्या सीटमध्ये, कधी रोटर सीलच्या ओरखड्यात अंश राहतोच आणि ब्लँकमध्ये, म्हणजे कोऱ्या वायलमध्ये, नेमक्या रिटेन्शन टाइमला बारीक पीक उभा राहतो. मग मी ब्लँकवर ब्लँक टाकतो. पीक उतरत गेला तर दोष सुईचा किंवा व्हॉल्व्हचा. जागचा हलला नाही तर सॉल्व्हंटचा. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या 30 तबकड्या आकाशातला क्षीण संकेत टिपतात. तो आपल्याच आवारातला नाही ना, ही धास्ती तिथल्यांनाही असणार.

काही लॅबवाले अख्ख्या ट्रेला सुरुवातीला एकच ब्लँक लावतात आणि रिपोर्ट स्वस्तात देतात. त्यांच्याविषयी मी चहाच्या टपरीवर बरंच बोलतो.

परवा त्या मुलीने नमुन्यांसोबत आलेल्या फवारणीच्या नोंदी वाचल्या आणि संशयित वायल सीक्वेन्सच्या शेवटी लावल्या, मला न विचारता. ही युक्ती मी आजवर स्वतःची म्हणून मिरवत आलो. "मध्ये आणखी एक ब्लँक टाक," मी म्हणालो. गरज नव्हती, पण काहीतरी सांगायला हवंच होतं. "बरं सर," म्हणत तिने टाकला.