घर मालकाचे, कडी किरायदाराची

मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात किरायाने राहणारा माणूस बहुधा नोकरीवाला असतो. शिक्षक, तलाठी, नर्सबाई, बँकेतला कारकून. सुट्टी लागली की तो वाशीम, अकोला किंवा अमरावतीची एसटी धरतो आणि सुट्टी संपल्यावरच परततो. मधल्या काळात त्याच्या खोलीत कोण येऊन गेले, याच्या तक्रारी माझ्या वकिलीच्या टेबलावर नेहमी येतात. गुन्हा म्हणावा इतकी मोठी गोष्ट क्वचितच असते, पण सोडून द्यावी इतकी लहानही नसते.

मालकाकडे कारण असतेच. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह किरायदाराच्या मोरीतून जातो. मागच्या खोलीत तुरीची पोती ठेवलेली असतात. लग्नाचे पाहुणे आले की माळ्यावरच्या गाद्या काढाव्या लागतात. दुसरी किल्ली त्याच्याच खुंटीला असते आणि त्याचा सवाल एकच असतो, "घर माहं हाय, मंग मी कोनाले इचारू?"

एका दिवाळीनंतर एक नर्सबाई माझ्याकडे आल्या. त्या सणाला माहेरी गेल्या असताना मालकाने कुलूप उघडून दोन्ही खोल्या रंगवून घेतल्या होत्या. कपाट ओढून मधोमध आणलेले, कपडे गाठोड्यात बांधलेले, औषधांचा डबा आणि बँकेची पासबुके खिडकीत मांडून ठेवलेली. काहीही चोरीला गेले नव्हते. मी नोटीस पाठवली तेव्हा मालक तणतणत ऑफिसात आले, "फुकटात रंग मारून देल्ला, वरून मलेच नोटीस!" त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे बाईंनाही मान्य होते. पण आपले कपडे कोणी बांधले, पासबुक कोणी चाळले, हे विचारायची सोय नसावी, हे त्यांना सोसवत नव्हते.

कायदा याबाबत बराच स्पष्ट आहे. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चे कलम 28 म्हणते की मालकाला जागेची पाहणी करण्याचा हक्क आहे, मात्र आगाऊ सूचना देऊन आणि वाजवी वेळी. भाडेकरूइतकाच हा नियम लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यालाही आहे. हा कायदा त्याच्या अनुसूचीतल्या गावांना लागू होतो. आपले गाव तीत आहे का, हे आधी बघून घ्यावे. नसेल तरी किरायदार उघड्यावर पडत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 108 आहेच. किराया देणाऱ्या आणि अटी पाळणाऱ्याला मुदतभर निर्वेध राहू देण्याची हमी मालकाने दिली आहे, असे ते धरून चालते. वाजवी वेळी मालकाला पाहणी करू देणे हे किरायदाराचेही कर्तव्य असल्याचे तेच कलम सांगते. म्हणजे मालकाला दार कायमचे बंद नाही आणि सताड उघडेही नाही.

घुसखोरीच्या गुन्ह्याची व्याख्या तर मालकांना हमखास चकित करते. 1860 च्या दंड संहितेत ती होती आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 मध्येही ती तशीच आहे. तिथे मालकी कोणाची हे विचारलेलेच नाही, ताबा कोणाचा एवढेच विचारले आहे. दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत गुन्हा करण्याच्या, धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या इराद्याने शिरले की झाले. राहत्या घरात असे शिरल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नुसते आत येणे म्हणजे गुन्हा नव्हे, इरादा सिद्ध करावा लागतो. म्हणून रंगाच्या त्या प्रकरणात मी पोलिसांत जायचा सल्ला दिला नाही. पण स्वतःच्या घरात घुसखोर ठरता येते, हे मालकांनी ध्यानात ठेवलेले बरे. मालकाने कुलूप बदलून बाहेरच काढले, तर 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचे कलम 6 आहे. सहा महिन्यांच्या आत दावा लावला की मालकीच्या वादात न शिरता न्यायालय ताबा परत देववू शकते. आणि स्त्री जिथे कपडे बदलते वा अंघोळ करते तिथे चोरून कॅमेरा रोखणे हा न्याय संहितेच्या कलम 77 चा वेगळा आणि गंभीर गुन्हा आहे. तिथे समेटाचा सल्ला मी देत नाही.

24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले, त्याचा हवाला अशिल उत्साहाने देतात. पण तो हक्क मुख्यतः सरकारविरुद्धचा आहे. घरमालकाशी गाठ पडते तेव्हा कामी येतो तो करारनामा, आणि आपल्याकडे नेमका तोच नसतो.

तो का नसतो, याचे कारण भीती. विदर्भासाठीच्या 1958 च्या कुळवहिवाट कायद्याने कसणारा जमिनीचा मालक झाला, ही गोष्ट इथल्या घराघरांत सांगितली जाते. वऱ्हाडात 1949 च्या भाडे नियंत्रण आदेशाखाली रेंट कंट्रोलरच्या परवानगीशिवाय किरायदाराला घर सोडण्याची नोटीसही देता येत नसे, हेही जुन्या मालकांना आठवते. म्हणून कागद करायचा नाही आणि घर आपले आहे हे दाखवायला अधूनमधून आत फिरून यायचे, अशी रीत पडली. ती उलटी आहे. 1999 चा कायदा जिथे लागू आहे तिथे कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत किरायदाराचे म्हणणे आधी खरे धरले जाते. उलट राहण्यासाठीचा लायसन्सचा कागद पक्का असेल तर मुदत संपताच कलम 24 खाली जागा परत मिळवता येते. सोडली नाही तर दुप्पट दराने भरपाई मिळते. मालकी राखणारा आणि किरायदाराची कडी राखणारा कागद एकच आहे.

केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यात 24 तासांची आगाऊ सूचना आणि सूर्योदय ते सूर्यास्त ही वेळ दिली आहे. तो राज्यांसाठी नमुना आहे, पण त्यातली अट आपल्या करारात उतरवायला कोणाची मनाई नाही. नर्सबाई आणि मालक यांच्यात शेवटी हे कलम लिहिले गेले: "पाहणी वा दुरुस्तीसाठी मालक 24 तास आधी फोनवर कारण कळवतील व किरायदार किंवा त्यांनी सांगितलेली व्यक्ती हजर असताना दिवसा आत येतील. आग, शॉर्टसर्किट किंवा पाणी गळतीच्या वेळी कुलूप उघडावे लागल्यास लगेच फोन करतील व शेजारी साक्षीला घेतील. दुसरी किल्ली किरायदाराच्या सहीच्या बंद पाकिटात राहील." मागच्या खोलीत ठेवलेली आपली तुरीची पोतीही मालकाने दुसरीकडे हलवली. बाई बदली होईपर्यंत तिथेच राहिल्या.

या दिवाळीनंतर अकरा महिन्यांचा नवा करार करणार असाल, तर छापील नमुन्यावर सही करून मोकळे होऊ नका. वरच्या कलमाची ही तीन वाक्ये त्यात घाला आणि करार नोंदवा. मालकांनी ती स्वतःहून सुचवावीत, कारण त्यांचे घर राखणाराही तोच कागद आहे.