पसरणीच्या घाटांत जुनी फियाट

वाईच्या ढोल्या गणपतीस वंदन करून आम्ही पसरणीचा घाट चढूं लागलों, तेव्हां सकाळचे दहा वाजले होते. वाहन म्हणजे आमची १९६८ सालची फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यांत घडलेली, १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाची. याच घराण्यांतील पुढील गाडीस १९७४ पासून पद्मिनी हें नांव मिळालें. निवृत्तीनंतर आमची गाडी घेतांना आम्ही रंगास भुललों नाहीं. पायाखालचा पत्रा ठोकून पाहिला, कारण गंज तेथेंच दडून बसतो.

मुलाचें मत, आतां ती विकावी. विनासायास पांचगणी गांठली तर ठेवावी, नाहीं तर विकावी, असें आम्हीं मनाशीं ठरविलें होतें.

निम्म्या चढावर इंजिन अडखळलें आणि थांबलें. तापलेल्या नळींत पेट्रोलची वाफ झाली म्हणजे पंपास तें ओढतां येत नाहीं. रेडिएटर तापलेला असतां त्याचें झांकण उघडूं नये, एवढें पथ्य पाळून आम्हीं पंपावर पंचा ठेविला. कुटुंबानें फिरकीच्या तांब्यांतील पिण्याचें पाणी, आम्हीं न मागतांच, त्यावर ओतलें. मग दोघेंही कठड्यावर बसलों. खालीं कृष्णेचें खोरें व धोम धरणाचें पाणी उन्हांत चमकत होतें. एस्‌टीनें या वाटेनें कितीदां तरी गेलों, पण हें दृश्य इतका वेळ कधीं पाहिलें नव्हतें.

अर्ध्या तासानें गाडी सुरू झाली. पांचगणीस पोंचतांच मुलाचा फोन आला, "गाडी वाटेंत थांबली का?"

"नाहीं," कुटुंब म्हणालें, "आम्हीच थांबलों होतों."