टपालाचा हिशेब आणि माझी एक चूक

१/ आजचा धागा टपालाच्या दराविषयी आहे. त्याची सुरुवात मात्र माझ्या एका चुकीपासून करावी लागेल. काही वर्षांपूर्वी टपालव्यवस्थेच्या पुनर्रचनेविषयी सल्ला देणाऱ्या एका गटात मी काम करीत होतो. कोणत्या शाखेवर किती खर्च होतो, कोणती किती मिळवते, याचा तक्ता करणे हे माझे काम. ज्या शाखांचे उत्पन्न खर्चाच्या मानाने फारच कमी, त्यांच्या ओळी मी लाल रंगाने भरल्या होत्या. लाल ओळ म्हणजे ‘बंद करण्याचा विचार व्हावा’.

२/ लाल ओळींपैकी एक शाखा सह्याद्रीच्या माथ्यावरची होती. पडताळणीसाठी मी तेथे दोन दिवस राहिलो. सकाळच्या एस.टी.ने टपालाची थैली घाटाच्या पायथ्याशी येई. तेथून शाखेचे वयस्कर डाकसेवक ती खांद्यावर घेऊन चढ चढत. त्या दिवशी थैलीत बारा नग निघाले: बँकेची पाकिटे, न्यायालयाची एक नोटीस, एका मुलीचे नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे आणि असेच काही. शाखेत विकली गेलेली तिकिटे मात्र जेमतेम दोन पाकिटांची.

३/ मी वहीत आकडे उतरवीत असताना ते शांतपणे म्हणाले, “साहेब, ही बारा पाकिटं काय फुकट आली? तिकिटाचे पैसे मुंबईच्या पोस्टानं घेतले, डोंगर मी चढलो. तुमच्या कागदावर मुंबई कमावती आणि आम्ही बुडीत, असंच ना?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर शोधू लागलो, तेव्हा पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागले.

४/ १८४० पूर्वीच्या ब्रिटनमध्ये पत्राचा दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे. पत्र उजेडासमोर धरून आत किती कागद आहेत हे पाहिले जाई, त्यावर आकारणी लिहिली जाई आणि बहुधा पैसे घेतले जात ते पत्र मिळणाऱ्याकडून. लंडनहून एडिंबरोस एका कागदाच्या पत्राला शिलिंगाहून अधिक पडे. पैसे नसले की दारी आलेले पत्र परत जाई.

५/ १८३७ मध्ये रोलंड हिल या गृहस्थाने ‘पोस्ट ऑफिस रिफॉर्म’ नावाची पुस्तिका लिहिली. हिल पेशाने शिक्षक होता आणि टपालखात्याशी त्याचा नोकरीचा संबंध नव्हता. आजच्या भाषेत सांगायचे तर तो बाहेरून आलेला, न बोलावलेला सल्लागार. त्याने हिशेब मांडला: लंडन ते एडिंबरो एक पत्र प्रत्यक्ष वाहून नेण्यास खर्च येतो पेनीचा छत्तिसावा भाग! मग उरलेला पैसा जातो कोठे? काही भाग करात, आणि पुष्कळसा पत्र तपासण्यात, आकारणी लिहिण्यात, दारोदार वसुली करण्यात. दर ठरविणे आणि तो वसूल करणे हेच महागडे काम होऊन बसले होते.

६/ त्याचा उपाय साधा होता: देशभर एकच स्वस्त दर, आणि तोही पत्र टाकतानाच भरायचा. खात्यातील वरिष्ठांनी ही कल्पना वेडगळ ठरविली, पण व्यापाऱ्यांचा व जनतेचा रेटा मोठा होता. १० जानेवारी १८४० रोजी एक पेनीचा दर सुरू झाला आणि ६ मेपासून ‘पेनी ब्लॅक’ हे तिकीट चलनात आले. १८३९ मधील सुमारे साडेसात कोटी पत्रांची संख्या वर्षभरात दुपटीच्या वर गेली.

७/ हिलचा एक अंदाज मात्र सपशेल चुकला, हेही नोंदवले पाहिजे. महसुलातील तूट किरकोळ असेल, असे त्याने सांगितले होते. प्रत्यक्षात निव्वळ उत्पन्न एकदम एक तृतीयांशाच्याही खाली आले आणि जुन्या पातळीवर यायला त्याला दोन दशकांहून अधिक काळ लागला. १८४२ मध्ये त्याला पदावरून दूर करण्यात आले. १८४६ मध्ये तो परतला आणि १८५४ मध्ये खात्याचा सचिव झाला. सुधारणेचा लाभ टपालाच्या जमाखर्चात लगेच दिसला नाही. तो घरोघरच्या पत्रव्यवहारात, व्यापारात आणि साक्षरतेत दिसला.

८/ आता आपल्याकडे वळू. योगायोग पाहा: १८३७ मध्येच कंपनी सरकारने १७ क्रमांकाचा कायदा करून आपल्या मुलखात मोबदला घेऊन पत्रे वाहण्याचा हक्क केवळ स्वतःकडे घेतला. दर अंतराप्रमाणे. कलकत्त्याहून मुंबईस एक तोळा वजनाच्या पत्राला १ रुपया, आग्र्यास १२ आणे. १८५० मध्ये बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांसाठी तीन आयुक्त नेमले गेले. त्यांनी सुचविले, की दर स्वल्प असावा, देशभर एकच असावा आणि रोखीऐवजी तिकिटे असावीत.

९/ दरम्यान, १ जुलै १८५२ रोजी, सिंधचा कमिशनर बार्टल फ्रिअर याने अर्ध्या आण्याचे ‘सिंध डाक’ तिकीट काढले होते. हाच फ्रिअर पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. मग डलहौसीच्या काळात १८५४ चा कायदा झाला, त्याचाही क्रमांक १७. इलाख्याइलाख्यांतील टपाल एका खात्याखाली आले. पाव तोळ्यास अर्धा आणा, एक तोळ्यास दोन आणे, मग अंतर कितीही असो. कलकत्ता-मुंबई पत्र १६ आण्यांवरून २ आण्यांवर उतरले.

१०/ येथे थोडे थांबू. हिलचा हिशेब होता सडकेवरून धावणाऱ्या टपालगाडीचा. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते. बहुतेक टपाल हरकाऱ्याच्या खांद्यावरून जाई. तरीही तत्त्व लागू पडले, कारण थैलीत एक पत्र असो की पन्नास, हरकाऱ्याची धाव तीच. पत्रे वाढली की प्रत्येक पत्रामागचा खर्च उतरतो.

११/ आता डाकसेवकांच्या प्रश्नाकडे येऊ. जुन्या पद्धतीत पैसे पत्र घेणाऱ्याच्या दारात वसूल होत; म्हणजे ते पत्र पोचविणाऱ्या गावाच्या वहीत जमा दिसे. हिलने वसुली पत्र टाकण्याच्या जागी नेली. पैसा शहरात जमा, पायपीट गावात. गावाला अर्ध्या आण्यात पत्र मिळू लागले ते याच सुधारणेमुळे, आणि गावची शाखा कागदावर रिकामी दिसू लागली तीही याच सुधारणेमुळे. देशाची तिजोरी एकच होती, म्हणून याने काही बिघडत नव्हते.

१२/ देशादेशांत मात्र तिजोऱ्या वेगळ्या. १८७४ मध्ये बर्न येथे झालेल्या करारातून पुढे जागतिक टपाल संघ उभा राहिला. ठरले असे, की ज्या देशात तिकीट विकले, पैसे त्याचेच. पत्राला उत्तर येतेच, तेव्हा परस्पर फिटंफाट. पण काही देशांकडे टपाल येई फार आणि जाई थोडे. अखेर १९६९ च्या टोकियो अधिवेशनात ठरले, की पत्र वाटणाऱ्या देशालाही मोबदला मिळावा. डोंगरावरच्या त्या गृहस्थांनी मला विचारलेला प्रश्न मान्य व्हायला राष्ट्रांना पंचाण्णव वर्षे लागली होती!

१३/ परतल्यावर मी तक्ता पुन्हा केला. ‘शाखेत विकलेली तिकिटे’ या रकान्याशेजारी ‘शाखेने वाटलेल्या टपालाचा मोबदला’ हा रकाना घातला. शाखा बंद केली तरी वाचणार नाही असा, एस.टी.चा आणि छाननीचा, सामायिक खर्च वेगळा काढला. कित्येक लाल ओळी साध्या झाल्या, काही लालच राहिल्या. त्या लपविणे हीदुसरी चूक ठरली असती. पण घाटमाथ्यावरची ती शाखा लाल यादीतून निघाली. पहिला तक्ता तसाच पुढे गेला असता, तर मुलाखतीचे बोलावणे आणायला त्या मुलीला तालुक्याला जावे लागले असते, आणि त्याला कारण झाली असती माझी चुकीची भागाकाराची रीत.

१४/ आज हा हिशेब पुन्हा ऐरणीवर आहे. १८९८ च्या कायद्यातही असलेला पत्रवाहनाचा एकाधिकार २०२३ च्या नव्या टपाल कायद्यात उरलेला नाही. खाजगी वाहक दाट वस्तीचे किफायतशीर मार्ग निवडू शकतो. टपालखात्याला डोंगर सोडता येत नाही. डोंगराचा खर्च कोणी सोसायचा, हे उघडपणे ठरवावे लागेल. तक्त्याच्या एका रकान्याने ते गुपचूप ठरू नये.

१५/ शेवटी एक विनंती. घरातील जुनी पत्रे सापडली तर पाकिटे फेकू नका. त्यावरचे दोन शिक्के पाहा: एक जेथे पैसे भरले तेथला, दुसरा जेथे कोणी ते पत्र चालत आणून दिले तेथला. क्वचित एखादे ‘नॉटपेड’ही मिळेल, दुप्पट आकाराचे, घेणाऱ्याने पैसे भरून सोडविलेले. सापडले तर या धाग्याखाली छायाचित्र जरूर टाका.