चार कोपऱ्यांचा काटा

घोडेगावला किंवा राहुरीला कांद्याची गोणी काट्यावर चढली, की शेतकऱ्याची नजर आकड्यावरून हलत नाही. गोणी जरा कडेला ठेवली आणि आकडा बदलला, तर ‘काटा मारला’ हे ऐकावंच लागतं. आणि ते बरोबरच आहे.

अशा काट्याखाली चार कोपऱ्यांत चार लोडसेल (वजन मोजणारे सेन्सर) असतात आणि चौघांचा स्वभाव वेगळा. प्रत्येकाचा गुणक काढायचा म्हणजे चार अज्ञातं. प्रमाणित वजन ठिकठिकाणी ठेवून आठ-दहा वाचनं घेतली, की अज्ञातांपेक्षा समीकरणं जास्त होतात. तिथं लघुतम वर्ग पद्धत लागते.

हे गणित मी काट्यातल्याच आर्डुइनो उनोवर करतो. बाजाराच्या धुळीत लॅपटॉप कोण उघडणार? पण उनोची रॅम २ केबी. २० बाय २० चा एकच मॅट्रिक्स त्यातले १६०० बाइट खातो. म्हणून बेसिक लिनिअर अल्जेब्रा ही छोटी लायब्ररी मला आवडते. मॅट्रिक्सचा आकार कोड लिहितानाच सांगावा लागतो. ४ बाय ४ ला ३ बाय १ ने गुणायला गेलात तर कंपायलरच अडवतो. शिवाय तिचा सगळा कोड एका बैठकीत वाचून होतो. आतलं दिसत नसेल तर मला तरी झोप लागत नाही.

तयार ‘इन्व्हर्स’ मात्र वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. गुणकच हवे असतील तर मॅट्रिक्सचं एलयू विघटन करून थेट समीकरणं सोडवावीत. काम कमी, चूकही कमी. उनोवर ‘डबल’ लिहिलं तरी मिळतो फ्लोटच, म्हणजे जेमतेम सात अंक. त्यात लघुतम वर्गासाठी ट्रान्सपोजने गुणून समीकरणं चौरस केली, की मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर, म्हणजे चुका किती फुगतात त्याचं माप, तोही वर्गात जातो: हजाराचा दहा लाख. सातातला एखादाच अंक भरवशाचा उरतो.

यावरचा उपाय कोडमध्ये नाही, वजन ठेवण्यात आहे. वीस किलोचं वजन मधोमध ठेवून कितीही वाचनं घ्या, मॅट्रिक्सच्या सगळ्या ओळी सारख्याच येतात आणि चार सेल वेगळे ओळखू येत नाहीत. तेच वजन अगदी कोपऱ्यांत ठेवलं, की प्रत्येक ओळीत एकेक सेल उठून दिसतो आणि फ्लोटसुद्धा पुरतो.

मग चार गुणक, सोळा बाइट, ईईप्रॉममध्ये जातात. रोजच्या वजनाला लायब्ररी लागतच नाही; चार गुणाकार आणि बेरीज.